पाच धातू आणि एक वाकडी खुर्ची

‘नेचर’ साप्ताहिकाच्या ५ मे २०११ च्या अंकात ५५ ते ६० या पानांवर एक शोधनिबंध आहे. शीर्षक वाचून सामान्य वाचक पान उलटेल असं: ऑक्सिजन निर्माण करणाऱ्या ‘फोटोसिस्टिम दोन’ची १.९ अँगस्ट्रॉमपर्यंतच्या बारकाव्यानं टिपलेली स्फटिकरचना. लेखक चौघे: यासुफुमी उमेना, केइसुके कावाकामी, जिआन-रेन शेन आणि नोबुओ कामिया. रसग्रहण कवितेचं करावं, फार तर कथेचं, असा आपल्याकडचा रिवाज आहे. पण हवेतल्या ऑक्सिजनचं जन्मस्थान ज्या सहा पानांत पहिल्यांदा एकेका अणूसकट दिसलं, ती पानं नुसती तळटीपेत ढकलून द्यावीत हे मला पटत नाही. या निबंधाला शैली आहे, संयम आहे, एक अविस्मरणीय प्रतिमा आहे आणि एक दोषही आहे. रसग्रहणाला आणखी काय लागतं?

निबंधाचा नायक एक जिवाणू आहे. थर्मोसिनेकोकॉकस व्हल्कॅनस हे त्याचं नाव. जपानमधल्या गरम पाण्याच्या झऱ्यातला हा नीलहरित जिवाणू. आंब्याच्या पानात किंवा भाताच्या पातीत जे प्रकाशसंश्लेषण चालतं ते मुळात याच कुळाचं. वनस्पतींच्या पेशींतली हरितलवकं म्हणजे कधीकाळी आत येऊन राहिलेले नीलहरित जिवाणूच. तेव्हा झाडाचं गुपित जिवाणूला विचारणं हा आडमार्ग नव्हे. शिवाय गरम झऱ्यात राहणाऱ्याची प्रथिनं काटक असतात. ती पेशीबाहेर काढून, शुद्ध करून, स्फटिकात रचली तरी लवकर विस्कटत नाहीत.

फोटोसिस्टिम दोन हे प्रथिनांचं एक मोठं संकुल. वीस घटक-प्रथिनं, मिळून रेणुभार ३५० किलोडाल्टन. त्याचं काम सांगायला एक वाक्य पुरतं: प्रकाशाच्या जोरावर पाण्यातून इलेक्ट्रॉन काढून घ्यायचे. पाण्याच्या दोन रेणूंतून चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन निघतात, आणि उरतो तो ऑक्सिजनचा एक रेणू. आपण ज्याच्यावर जगतो तो या व्यवहारातला टाकाऊ माल आहे.

हे काम प्रथिनांना एकट्यानं जमत नाही. प्रथिनं घडतात कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, गंधक यांची. एका वेळी एकेक इलेक्ट्रॉन सोडायचा, पुन्हा घ्यायचा, आणि तरी मोडायचं नाही, हा गुण धातूंचा. या निबंधातली धातूंची यादी मोठी वाचनीय आहे. संकुलाच्या एका एककात ३५ क्लोरोफिल, म्हणजे मॅग्नेशियमचे ३५ अणू. लोहाचे तीन: दोन हीममध्ये, एक हीमशिवाय. आणि एका कोपऱ्यात मँगनीजचे चार व कॅल्शियमचा एक. पाणी फुटतं ते या पाच अणूंपाशी. बाकी सगळा पसारा त्या कोपऱ्यापर्यंत प्रकाशाची ऊर्जा पोचवण्यासाठी आणि तिथून निघालेले इलेक्ट्रॉन पुढे नेण्यासाठी.

मँगनीज लागतं हे जुनंच ज्ञान. हिरव्या शैवालाला मँगनीज दिलं नाही तर त्याचं प्रकाशसंश्लेषण खुंटतं, हे आंद्रे पिर्सन यांनी १९३७ मध्येच दाखवलं होतं. किती लागतं, कसं बसतं, काय करतं, हे प्रश्न त्यानंतर सत्तरहून अधिक वर्षं रेंगाळले. मधल्या काळातला सर्वांत देखणा प्रयोग पिएर जोलिओ यांचा, १९६९ चा. अंधारात ठेवलेल्या हरितलवकांवर त्यांनी प्रकाशाचे अगदी क्षणिक झोत एकामागून एक टाकले आणि प्रत्येक झोतानंतर किती ऑक्सिजन निघतो ते मोजलं. पहिल्या झोताला जवळजवळ काहीच नाही, दुसऱ्याला थोडा, तिसऱ्याला भरपूर. मग ओहोटी, आणि पुढे दर चौथ्या झोताला पुन्हा भरती. बेसेल कोक यांनी १९७० मध्ये त्याचा अर्थ लावला: यंत्राच्या पाच अवस्था आहेत, एस-शून्य ते एस-चार. दर झोताला एक इलेक्ट्रॉन जातो, चार गेले की ऑक्सिजन सुटतो. पहिली भरती तिसऱ्याच झोताला येते, कारण अंधारात बसलेलं यंत्र एक पायरी आधीच चढलेलं असतं. धातूंचा एकही अणू न पाहता, केवळ चार-चारच्या तालावरून आतल्या रचनेचा असा अंदाज बांधणं याला माझ्या लेखी विज्ञानातली तालबद्धता म्हणावं.

ताल कळला, वाद्य मात्र दिसत नव्हतं. बर्लिनच्या गटानं २००१ मध्ये पहिली स्फटिकरचना दिली, ३.८ अँगस्ट्रॉमची. कामिया आणि शेन यांची स्वतःची २००३ मधली रचना ३.७ ची. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या गटानं २००४ मध्ये ३.५ वर येऊन सुचवलं की तीन मँगनीज आणि एक कॅल्शियम मिळून घनासारखी रचना होत असावी आणि चौथं मँगनीज बाहेर लोंबत असावं. पुढे ३ आणि मग २.९. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. आकडा जितका लहान तितका तपशील बारीक. आता इथली अडचण पाहा. दोन मँगनीज अणूंमधलं अंतरच मुळी ३ अँगस्ट्रॉमच्या आतबाहेर. मँगनीजभोवती इलेक्ट्रॉन पंचवीस, ऑक्सिजनभोवती आठ. तेव्हा ३ अँगस्ट्रॉमच्या चित्रात धातूंचा एक गोळा दिसतो आणि त्यांना जोडणारे ऑक्सिजन त्याच्या सावलीत हरवतात. अणू कुठे आहेत हे प्रत्येक गट आपापल्या तर्कानं त्या गोळ्यात भरत होता.

या पार्श्वभूमीवर २०११ च्या निबंधाचा सारांश वाचावा. पहिल्या वाक्यात जागा आणि आकार. मग आधीच्या रचनांचा आदरानं उल्लेख, आणि लगेच, आवाज न चढवता, त्या कुठे अपुऱ्या पडतात याची नोंद. मग नुसता आकडा: १.९. पुढच्या वाक्यात सगळ्या धातूंचे अणू आणि त्यांना धरणारे सगळे बंध जागच्या जागी सापडल्याचं सांगितलं आहे. ‘सगळे’ हा शब्द एरवी शास्त्रज्ञ जपून वापरतात. इथे तो पूर्ण हक्कानं आला आहे आणि त्याच्याभोवती एकही विशेषण नाही. वीस वर्षांच्या आसपासची खटपट ज्यांच्या मागे आहे त्यांनी इतकं कोरडं लिहावं, याला मी लेखनाची श्रीमंती म्हणतो.

सारांशातच आणखी एक जागा लक्षात ठेवण्यासारखी आहे. धातूंना चिकटलेले पाण्याचे चार रेणू सापडले, त्यांतले काही ऑक्सिजन बनण्यासाठी खर्ची पडत ‘असू शकतील’, असं लेखक म्हणतात. जिथे नकाशावर अणू दिसतो तिथे ठाम क्रियापद. जिथे अणू काय करतो याबद्दल बोलायचं तिथे क्रियापद सैल. सबंध निबंधात ही शिस्त पाळलेली आहे.

आता ती प्रतिमा. तीन मँगनीज, एक कॅल्शियम आणि चार ऑक्सिजन यांचा एक घन होतो, पण समभुज नव्हे. धातू आणि ऑक्सिजन एकाआड एक कोपऱ्यांवर, आणि कडा लहानमोठ्या. चौथं मँगनीज घनाच्या बाहेर, दोन ऑक्सिजनांच्या आधारानं जोडलेलं: एक ऑक्सिजन घनाच्याच कोपऱ्यातला, दुसरा घनाबाहेरचा. लेखक म्हणतात, हे सगळं वाकड्या झालेल्या खुर्चीसारखं दिसतं. घन म्हणजे बैठक, बाहेरचं मँगनीज आणि त्याला जोडणारा ऑक्सिजन ही पाठ. निबंधभर जिथे कोनांचे अंश आणि अँगस्ट्रॉमचे दशांश आहेत, तिथे ही एकच घरगुती वस्तू येते, आणि सगळी सहा पानं तिच्याभोवती लक्षात राहतात. पुढच्या काळात या विषयावर लिहिणाऱ्या जवळपास प्रत्येकानं ती खुर्ची उचलली.

पण खरी गंमत खुर्चीत नाही, ती ‘वाकड्या’ या विशेषणात आहे. वाकडेपण कुठून आलं याचा हिशेब लेखक पुढच्या परिच्छेदांत देतात, आणि तिथे निबंध सर्वांत सरस होतो. मँगनीज आणि ऑक्सिजन यांच्यातले बहुतेक बंध २ अँगस्ट्रॉमच्या आसपास आहेत, रसायनशास्त्राच्या अपेक्षेबरहुकूम. एक ऑक्सिजन मात्र वेगळा. ज्याला त्यांनी ‘ओ-५’ असा क्रमांक दिला आहे, जो घनाचा कोपराही आहे आणि बाहेरच्या मँगनीजशी असलेला दुवाही, त्याचे बंध २.४ ते २.७ अँगस्ट्रॉमपर्यंत लांबले आहेत. म्हणजे या ऑक्सिजनला चार धातूंनी धरलंय, पण एकानंही घट्ट नाही. लेखक लगेच शंका घेतात: इतका सैल धरलेला अणू कायमचा बांधकामातला नसावा, बनणाऱ्या ऑक्सिजन रेणूतला एक अणू कदाचित हाच. जोडीदार म्हणून त्यांनी दोन संशयित पुढे केले आहेत: बाहेरच्या मँगनीजला लागलेलं एक पाणी आणि कॅल्शियमला लागलेलं एक, अनुक्रमे ‘डब्ल्यू-२’ आणि ‘डब्ल्यू-३’.

एखाद्या कवितेत वृत्त एके ठिकाणी मुद्दाम मोडावं आणि अर्थ नेमका तिथेच असावा, तसं हे वाचताना वाटत राहतं. रचना जिथे नीटस आहे तिथे काही घडत नाही. सगळी घडामोड त्या लांबलेल्या बंधांपाशी. पाचही धातू समभुज घनात चपखल बसले असते तर ते दगड झाले असते. दगडाची आठवण निष्कारण नाही: नागपूर-भंडाऱ्याच्या खाणींतून निघणारं काळं मँगनीज हेही मँगनीज आणि ऑक्सिजन यांचंच बांधकाम आहे. तिथे ते स्थिर असल्यामुळे कोट्यवधी वर्षं टिकतं. जिवाणूच्या पेशीत ते अस्थिर ठेवण्याचीच सगळी कारागिरी.

ही कारागिरी प्रथिनाची. पाच धातूंना धरून ठेवणारी अमिनो आम्लं सात: सहांची कार्बोक्झिल टोकं आणि एका हिस्टिडिनचं वलय. त्यातलं एक टोक विशेष आहे. डी-१ नावाच्या मुख्य प्रथिनसाखळीतला ३४४ वा, अगदी शेवटचा अॅलानिन. साखळीचं शेपूट स्वतः धातूला धरतं. मूळ साखळी याहून लांब तयार होते. एक विकर येऊन जादा तुकडा छाटतं, तेव्हा कुठे हे टोक मोकळं होतं. छाटणी झाली नाही तर खुर्ची बसत नाही. निबंधात हा अॅलानिन बाकीच्यांच्या रांगेत निमूटपणे येऊन जातो. मी तिथे दर वेळी थोडा थांबतो.

पाण्याबद्दलचा भाग थोडक्यात उरकतो, कारण तो लेखकांनीही याद्या देऊनच उरकला आहे. एका एककात तेराशेहून अधिक पाण्याचे रेणू सापडले. त्यांतले काही हायड्रोजन-बंधांनी एकमेकांना धरून लांब साखळ्या करतात. पाणी आत यायला, प्रोटॉन बाहेर जायला वाटा असाव्यात तशा. इथेही ‘असाव्यात’. या भागात निबंध जरा जड होतो आणि आकृत्यांवर विसंबतो.

एक गोष्ट मात्र निबंधात कुठेच नाही, आणि ती नसणं मला या वाचनात सतत जाणवतं. हे पाच धातू आले कुठून?

प्रकाशावर जगणाऱ्याला स्वयंपोषी म्हणतात. साखर तो स्वतः करतो, प्रथिनं स्वतः करतो, क्लोरोफिलचं गुंतागुंतीचं वलय स्वतः विणतो. पण त्या वलयाच्या मधोमध बसणारा मॅग्नेशियमचा अणू त्याला करता येत नाही. मँगनीजचा येत नाही, लोहाचाही नाही. ते खडकातून सुटून पाण्यात यावे लागतात आणि पाण्यातून वेचावे लागतात. मॅग्नेशियमची ददात नाही; समुद्राच्या एका लिटर पाण्यात ते सुमारे १.३ ग्रॅम असतं. मँगनीज मोजायचं तर त्याच पाण्यात ग्रॅमच्या अब्जाव्या भागांत उतरावं लागतं. लोहाची अवस्था उघड्या समुद्रात याहूनही बिकट, आणि त्याला जबाबदार हेच जिवाणू: त्यांनी सोडलेल्या ऑक्सिजननं विरघळलेलं लोह गंजून तळाशी गेलं. लोह कमी पडलं की नीलहरित जिवाणू काटकसर कशी करतात हा स्वतंत्र निबंधाचा विषय. इलेक्ट्रॉन वाहून नेणारं लोहाचं प्रथिन बाजूला ठेवून ते त्या जागी बिनलोहाचं वापरतात. काही जातींमध्ये तर एकाच कामाला दोन वाहक आहेत, एक तांब्याचा आणि एक लोहाचा. पाण्यात तांबं असेल तर तांब्याचा, नसेल तर लोहाचा. मँगनीजच्या जागी मात्र असा पर्यायी खेळाडू त्यांनी ठेवलेला नाही.

म्हणून २०११ च्या निबंधाशेजारी आणखी एक, नऊ वर्षं आधीचा निबंध ठेवून वाचावा असं मी सुचवीन. २००२ मध्ये ‘बायोकेमिस्ट्री’ या नियतकालिकात आलेला. निर केरेन, हिमाद्री पाक्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. पाक्रासी अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले. त्यांचा जिवाणू सिनेकोसिस्टिस, प्रयोगशाळेतला लाडका नीलहरित. त्यांनी विचारलं: हा मँगनीज घेतो किती आणि ठेवतो कुठे? उत्तर चक्रावणारं आलं. पेशीच्या आत मँगनीजचे अणू सुमारे १५ लाख. पेशीच्या बाह्य आवरणाला चिकटलेले मात्र १० कोटींपर्यंत. आतल्या गरजेच्या साठ-सत्तर पट धान्य घराबाहेर कणगीत भरून ठेवल्यासारखं. आणि ही कणगी भरते प्रकाशसंश्लेषणाच्याच ऊर्जेवर. पटलावरचा विद्युतदाब कोसळवला की सगळा साठा तत्काळ बाहेर सुटतो. मँगनीजशिवाय प्रकाशसंश्लेषण नाही आणि प्रकाशसंश्लेषणाशिवाय मँगनीजचा साठा नाही, असा हा विळखा.

दारातून आत आणण्यासाठी वेगळी यंत्रणा आहे. पाक्रासी यांच्याच प्रयोगशाळेनं १९९५ मध्ये ती ओळखली होती, तीही एका अधू जिवाणूवरून: त्याला पाणी नीट फोडता येत नव्हतं, आणि दोष फोटोसिस्टिमच्या प्रथिनांत नव्हे, तर मँगनीज वाहून आणणाऱ्या प्रथिनांत निघाला. स्वयंपाक बिघडला म्हणून चुलीकडे पाहत बसावं आणि रिकामं होतं ते दुकान, असला प्रकार.

इतका साठा का करावा? याचं उत्तर मँगनीजच्या स्वभावात आहे. प्रथिनांना धातू किती घट्ट चिकटतात याचा एक क्रम अर्विंग आणि विल्यम्स यांनी फार पूर्वी लावून दिला. त्यात तांबं सर्वांत वर, जस्त, निकेल, कोबाल्ट मधे, लोह खाली, मँगनीज सर्वांत खाली. म्हणजे मोकळ्या स्पर्धेत मँगनीजची जागा कोणीही बळकावतो. नायजेल रॉबिन्सन यांच्या गटानं २००८ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की सिनेकोसिस्टिसमध्ये एकाच घडीची दोन प्रथिनं आहेत, एकात मँगनीज बसतं आणि एकात तांबं. फरक प्रथिनांच्या खोबणीत नाही, घडी कुठे पडते त्यात आहे. मँगनीजचं प्रथिन पेशीच्या आत घडी घालून घेतं आणि मगच बाहेर जातं, कारण आत तांबं आणि जस्त यांना इतर रेणूंनी घट्ट बांधून ठेवलेलं असतं. तेच प्रथिन परीक्षानळीत उलगडून पुन्हा घडी घालू दिली तर ते तांब्यालाच पसंती देतं. मँगनीज बसवायचं तर ते हजारो पटींनी जास्त घालावं लागतं. जे सर्वांत सैल धरतं त्यालाच आत घ्यायचं असेल तर जागा, वेळ आणि भोवतालची गर्दी, सगळंच सांभाळावं लागतं.

आणि हे एकदा करून भागत नाही. तीव्र उन्हात डी-१ प्रथिन सतत खराब होत राहतं. ते काढून नवं बसवावं लागतं, आणि दर नव्या डी-१ सोबत पाचही धातू नव्यानं रचावे लागतात. ही रचनाही प्रकाशावरच होते, पण फार हळू. पहिलं मँगनीज येऊन बसतं, प्रकाशाचा एक कण त्याचा इलेक्ट्रॉन काढतो. मग थोडा वेळ अंधारातच काही जुळवाजुळव चालते, मग दुसरा कण. बहुतेक प्रकाशकण या कामात वायाच जातात. ज्या पेशीला दिवसभर हेच पुन्हा पुन्हा करायचं आहे तिला आवरणाला चिकटलेले ते दहा कोटी अणू उधळपट्टी वाटत नसणार.

हे वाचून २०११ च्या निबंधाकडे परतलं की त्यातल्या आकृत्या वेगळ्या दिसू लागतात. नकाशातला प्रत्येक जांभळा गोळा म्हणजे कुणीतरी वेचून, साठवून, स्पर्धकांपासून वाचवून, छाटलेल्या शेपटाजवळ आणून बसवलेला अणू. निबंधात त्याचा उल्लेख नाही म्हणून लेखकांना दोष देत नाही. स्फटिकशास्त्राचं काम स्थिरचित्राचं आहे.

दोष द्यायचाच तर तो वेगळा आहे, आणि रसिकानं तो झाकू नये. क्ष-किरण ज्या वस्तूचं चित्र काढतात तिला ते बदलतातही. त्यांच्या माऱ्यानं सुटे झालेले इलेक्ट्रॉन मँगनीजवर जाऊन बसतात, त्याचा धनभार उतरतो, बंध लांबतात. मँगनीजच्या या केंद्राला क्ष-किरणांनी इजा होते हे २००५ मध्येच दाखवलं गेलं होतं. उमेना आणि सहकाऱ्यांनी किरणांची मात्रा कमी ठेवली होती, तरी टीकाकारांनी बोट ठेवलं ते नेमकं ओ-५ च्या लांब बंधांवर: ही सैलता जिवाणूची की किरणांची? प्रश्न वर्मी लागणारा होता, कारण निबंधाचं सगळं काव्य तिथेच होतं.

उत्तर शेन यांच्याच गटानं काढलं. २०११ चा निबंध ह्योगो प्रांतातल्या ‘स्प्रिंग-८’ या सिंक्रोट्रॉनवरच्या मोजणीतून आला होता. त्याच आवारात नंतर ‘साक्ला’ हे क्ष-किरण लेसर उभं राहिलं. त्याचा झोत काही फेमटोसेकंदांचा. रेणू विस्कटण्याआधीच चित्र घेऊन मोकळा. २०१५ मध्ये ‘नेचर’मध्येच १.९५ अँगस्ट्रॉमची नवी रचना आली. मँगनीज अणूंमधली अंतरं ०.१ ते ०.२ अँगस्ट्रॉमनं कमी निघाली. म्हणजे टीकाकार बरोबर होते, पण खुर्ची खुर्चीच राहिली, आणि वाकडीच राहिली. २०११ च्या आकड्यांना दुरुस्ती लागली, वाक्यांना फारशी नाही. जिथे लेखकांनी क्रियापद सैल ठेवलं होतं तिथे मागे घ्यावं असं काही नव्हतं.

एक तुलना इथेच करतो. प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूचं केंद्र पहिल्यांदा दिसलं ते १९८५ मध्ये, डायझेनहोफर, हूबर आणि मिशेल यांना. १९८८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. तो जिवाणू ‘जांभळ्या’ जिवाणूंच्या गटातला होता, पाणी न फोडणारा, ऑक्सिजन न सोडणारा. त्याच्या केंद्राचा सांगाडा फोटोसिस्टिम दोनशी भावंडासारखा जुळतो. तिथेही मॅग्नेशियम आहे, तिथेही लोह आहे. नाही तो फक्त मँगनीजचा कोपरा. आणखी एक जिवाणू, अॅसिडिफिलियम रुब्रम, आम्लाच्या पाण्यात राहतो, जिथे क्लोरोफिलमधलं मॅग्नेशियम टिकायला अवघड. त्यानं मॅग्नेशियमच्या जागी जस्त बसवलं आहे. जपानी संशोधकांनी १९९६ मध्ये हे शोधलं. म्हणजे प्रकाश झेलणारा धातू बदलता येतो. पाणी फोडणाऱ्या कोपऱ्यातलं काय?

तिथे निदान एक अणू बदलून पाहिला गेला आहे, आणि तोही जिवाणूला वेगळं जेवण देऊन. वाढीच्या द्रावणात कॅल्शियमऐवजी स्ट्राँशियम घातलं तर गरम झऱ्यातले हे नीलहरित जिवाणू तेच घेतात आणि खुर्चीत कॅल्शियमच्या जागी स्ट्राँशियम बसतं. जिवाणू जगतो, ऑक्सिजनही सोडतो, पण वेग बराच उतरतो. शेन यांच्या गटानं २०१३ मध्ये अशा स्ट्राँशियमवर वाढलेल्या जिवाणूच्या फोटोसिस्टिमचे स्फटिक केले आणि २.१ अँगस्ट्रॉमपर्यंत जाऊन पाहिलं. मँगनीज जवळपास जागच्या जागी. स्ट्राँशियम आकारानं मोठं, म्हणून किंचित बाहेर सरकलेलं. आणि त्याला लागलेल्या दोन पाण्यांपैकी एकाचा बंध लांबलेला. ते पाणी डब्ल्यू-३. २०११ मध्ये ‘असू शकेल’ म्हणून ज्याचं नाव घेतलं होतं तेच.

पुढे २०१७ मध्ये दोन झोतांनंतरचं चित्र घेतलं गेलं, तेव्हा ओ-५ च्या अगदी शेजारी एक नवा ऑक्सिजन अणू येऊन बसलेला दिसला. तो आला कुठून यावर अजून एकमत नाही. काही गट म्हणतात, कॅल्शियमच्या बाजूनं, डब्ल्यू-३ च्या जागेवरून. काहींना मँगनीजच्या बाजूची वाट पटते. दोघेही आपापल्या निबंधांत २०११ च्या त्याच आकृतीवर, त्याच क्रमांकांनी, बोट ठेवतात.